उंची वाढवण्याची शस्त्रक्रिया: मर्यादा आणि धोके

मांडीचे किंवा नडगीचे हाड शस्त्रक्रियेने कापायचे, कापलेली दोन टोके रोज थोडी थोडी दूर सारायची आणि मधल्या पोकळीत शरीराला नवे हाड तयार करू द्यायचे, अशी पायाची लांबी वाढवण्याची पद्धत आहे. ती जन्माला आली एक पाय आखूड राहिलेल्या रुग्णांसाठी. पोलिओ, लहानपणी सांध्यात झालेला पू, जन्मजात व्यंग, अपघातात निघून गेलेला हाडाचा तुकडा ही तिची मूळ कारणे. गेल्या काही दशकांत मात्र दोन्ही पाय धडधाकट असलेली माणसेही केवळ उंच दिसण्यासाठी तीच शस्त्रक्रिया करून घेऊ लागली आहेत. तंत्र एकच असले तरी दोन्हींचा हिशेब एक नाही. आखूड पायाच्या रुग्णाला लंगडण्यापासून सुटका मिळते. निरोगी माणूस मात्र नीट चालणारे पाय पणाला लावतो.

हाड ताणून लांब करण्याचा पहिला महत्त्वाचा वैद्यकीय वृत्तान्त इटलीतील बोलोन्याचे सर्जन अलेस्सांद्रो कोदिव्हिल्ला यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या काळी हाड एकदम आणि जोराने ताणले जाई, त्यामुळे नसा आणि रक्तवाहिन्या दुखावत. या शाखेला आजचे रूप दिले सोव्हिएत संघातील गाव्रिल इलिझारोव्ह यांनी. सैबेरियातील कुर्गान या आडवाटेच्या शहरात काम करताना १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गोल कड्या, ताणलेल्या बारीक तारा आणि लांब स्क्रू यांची चौकट तयार केली. हळूहळू आणि सतत ताण दिला तर हाडच नव्हे, त्याच्या भोवतीच्या ऊतीही वाढू लागतात, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधील उंच उडीचा सुवर्णपदक विजेता व्हॅलेरी ब्रुमेल याचा पाय मोटारसायकलच्या अपघातात चिरडला होता. अनेक शस्त्रक्रिया फसल्यावर १९६८ मध्ये इलिझारोव्ह यांनी तो बरा केला आणि त्यांचे नाव देशभर झाले. पश्चिम युरोपला ही पद्धत कळायला १९८० चे दशक उजाडावे लागले.

महाराष्ट्रात ती फार उशिरा आली नाही. मिरजेतील स्वास्थ्ययोग प्रतिष्ठानचे डॉ. जी. एस. कुलकर्णी हे तंत्र भारतात रुजवणाऱ्या पहिल्या फळीतले. अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांनी इलिझारोव्ह उपचारांचे स्वतंत्र केंद्र उभे केले. मुंबई-पुण्याबाहेरच्या या गावांमध्ये न जुळलेली हाडे, वाकडे पाय आणि पोलिओने आखूड झालेले पाय दुरुस्त होऊ लागले, ही महाराष्ट्राच्या अस्थिशल्यचिकित्सेतली अभिमानाची गोष्ट आहे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय सगळ्या मराठवाड्याला ‘घाटी’ म्हणून माहीत आहे. तिथे येणाऱ्या, जालना रस्ता, बीड बायपास, वाळूज या भागांतल्या अपघातांत हाड चुरा होऊन उघडे पडलेल्या रुग्णांच्या पायावर दिसणारी कड्यांची चौकट इलिझारोव्ह यांच्याच विचारातून आलेली असते. हाडाचा मोठा तुकडा गेला असेल तर उरलेल्या हाडाचा एक भाग कापून तो रोज थोडा थोडा सरकवत पोकळी भरून काढतात. अशा उपचाराने पाय कापण्याची वेळ टळू शकते. म्हणून ही पद्धत सरसकट वाईट ठरवणे चूक आहे.

शस्त्रक्रियेचे टप्पे असे. सर्जन हाडाचे बाहेरचे कठीण कवच शक्य तितक्या हळुवारपणे कापतो. हाडावरचे पातळ आवरण आणि आतला रक्तपुरवठा जपणे यात सर्वांत महत्त्वाचे, कारण नवे हाड तिथूनच येणार असते. नडगी लांबवायची असेल तर तिच्या शेजारचे बारीक हाडही कापावे लागते. त्यानंतर सुमारे पाच ते सात दिवस काहीच केले जात नाही, कापलेल्या जागी भरून येण्याची क्रिया सुरू होऊ दिली जाते. मग ताणणे सुरू होते. साधारण प्रमाण दिवसाला १ मिलिमीटर, तेही एकदम न देता पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा. वेग याहून फार कमी ठेवला तर हाड मुदतीआधीच जुळून बसते आणि ताणणे थांबते. वेग जास्त ठेवला तर मध्ये हाडाऐवजी तंतुमय ऊती भरते, आणि नसा तक्रार करू लागतात. ५ सेंटिमीटर वाढीसाठी असे सुमारे पन्नास दिवस जातात.

पन्नास दिवसांनंतर उपचार संपत नाही. तयार झालेले हाड त्या वेळी मऊ असते, एक्स-रेमध्ये ढगासारखे पुसट दिसते. ते घट्ट व्हायला ताणण्याला लागलेल्या वेळाच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक काळ लागतो. बाहेरची चौकट वापरली असेल तर दर सेंटिमीटरमागे साधारण एक ते दीड महिना ती पायावर राहते. म्हणजे ५ सेंटिमीटरसाठी पाच ते साडेसात महिने. या सगळ्या काळात रोज कित्येक तास फिजिओथेरपी करावी लागते आणि ठरावीक अंतराने एक्स-रे काढावे लागतात. आधाराशिवाय नीट चालायला अनेकांना अर्धे वर्ष किंवा अधिक लागते, धावायला वर्ष उलटते.

साधने तीन प्रकारची आहेत. पहिली बाहेरची चौकट, स्वस्त आणि सर्जनच्या ताब्यातली, पण महिनोन् महिने कातडीतून आरपार गेलेल्या तारा सांभाळाव्या लागतात. दुसऱ्या प्रकारात हाडाच्या पोकळीत रॉड बसवून त्यावरून चौकटीने हाड सरकवतात. लांबी मिळाली की रॉडला स्क्रू मारून चौकट लवकर काढता येते. तिसरा प्रकार हाडाच्या आतच असलेल्या, लांब होणाऱ्या रॉडचा. बाहेरून चुंबकीय यंत्र धरले की रॉडमधली यंत्रणा फिरते आणि हाड सरकते. चौकटीचा जाच यात नाही, मात्र खर्च कितीतरी पटींनी वाढतो आणि टायटॅनियमच्या रॉडवर सुरुवातीचे महिने पूर्ण भार टाकता येत नाही. भार सोसणारा स्टेनलेस स्टीलचा ‘स्ट्राइड’ नावाचा रॉड मोठ्या अपेक्षेने आला होता. रुग्णांना वेदना होऊ लागल्या, रॉडच्या सांध्याजवळच्या हाडात विचित्र बदल दिसले, धातू गंजत असल्याचे आढळले आणि २०२१ मध्ये तो बाजारातून मागे घेण्यात आला. नवे साधन म्हणजे सुरक्षित साधन, असे गृहीत धरण्याआधी हा अनुभव लक्षात ठेवावा.

आता मर्यादेचा प्रश्न. हाड स्वतः फारशी मर्यादा घालत नाही. योग्य वेगाने ताणले तर ते बराच काळ वाढत राहू शकते. मर्यादा घालतात स्नायू, त्यांच्या कंडरा, नसा आणि सांध्यातली कूर्चा. स्नायू ताणाला प्रतिसाद देऊन लांब होतो खरा, पण हाडाच्या वेगाने नाही. त्यातही दोन सांध्यांवरून जाणारे स्नायू आधी हार मानतात. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून निघून टाचेला जातो, म्हणून नडगी लांबली की टाच वर ओढली जाते आणि पाऊल चवड्यावर येते. मांडीचे हाड लांबले की मांडीचे पुढचे-मागचे स्नायू गुडघा आखडून टाकतात. ताणलेला स्नायू सांध्याची दोन हाडे एकमेकांवर दाबतो. तो दाब महिनोन् महिने राहिला तर कूर्चा झिजते, आणि झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही.

या अनुभवातून सर्जनांनी काढलेले ढोबळ प्रमाण असे की एका हाडाची वाढ त्याच्या मूळ लांबीच्या १५ टक्क्यांच्या आसपास ठेवावी. २० टक्क्यांकडे जाऊ लागले की गुंतागुंत झपाट्याने वाढते. १६० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाची नडगी साधारण ३५ सेंटिमीटर भरते. तिच्यात ५ सेंटिमीटर वाढवणे म्हणजे १४ टक्के, म्हणजे मर्यादेच्या काठावरच. मांडीचे हाड अधिक लांब असते आणि जाड स्नायूंनी वेढलेले असल्याने रक्तपुरवठाही चांगला असतो, त्यामुळे तिथे ६ ते ८ सेंटिमीटरपर्यंत जाता येते असे मानले जाते. नडगीसाठी ५ सेंटिमीटरपुढे जाताना सावध सर्जन थांबतो. हे आकडे सर्वांना सारखे लागू नाहीत. मूळचेच स्नायू आखडलेले असतील, गुडघे किंवा घोटे आधीपासून कमजोर असतील, वय वाढलेले असेल, तर मर्यादा आणखी खाली येते. शिवाय ताणणे सुरू असताना घोटा वर उचलता येईनासा झाला किंवा पायाला मुंग्या येऊ लागल्या तर कागदावर ठरवलेले सेंटिमीटर बाजूला ठेवून वेग कमी करायचा किंवा थांबायचे, हाच खरा नियम.

एकाच माणसाची उंची १० किंवा १५ सेंटिमीटरने वाढल्याची उदाहरणे दाखवली जातात. त्यात दोन गोष्टी दडलेल्या असतात. एक तर ती वाढ मांडी आणि नडगी अशा चार हाडांवर, वेगवेगळ्या शस्त्रक्रियांतून मिळालेली असते. किंवा ती जन्मजात खुजेपणा असलेल्या रुग्णांची असते. एकॉन्ड्रोप्लाझिया या विकारात हाडे आखूड राहतात, पण त्यांच्यावरचे स्नायू आणि कातडी तुलनेने सैल असतात, म्हणून अशा रुग्णांना अधिक वाढ सोसते. त्यांचा आकडा सामान्य बांध्याच्या माणसाला लावणे धोक्याचे आहे. चारही हाडे एकाच वेळी ताणण्याचा मोहही तसाच. दोन जोड्यांमध्ये बऱ्याच महिन्यांचे अंतर ठेवणे शहाणपणाचे.

धोक्यांमध्ये सर्वांत नेहमीचा म्हणजे तारा आणि पिना कातडीत शिरतात तिथला जंतुसंसर्ग. बाहेरची चौकट असणाऱ्या बहुतेक रुग्णांना तो कमी-अधिक होतोच. बहुतेकदा स्वच्छता आणि औषधाने आटोक्यात येतो, क्वचित हाडापर्यंत पोहोचतो. घोटा आणि गुडघा आखडणे हा दुसरा नेहमीचा धोका, व्यायामात कुचराई झाली की हमखास येणारा. नडगी ताणताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दुखावली तर पाऊल वर उचलता येत नाही आणि चालताना ते जमिनीवर आपटते. वेळीच ताण कमी केला तर ही नस सावरू शकते, उशीर झाला तर अधूपणा राहतो. नडगीशेजारच्या बारीक हाडाला खाली स्क्रूने बांधले नाही तर ते वर सरकते आणि घोट्याची ठेवण बिघडते. नवे हाड वाकडे भरणे, भरायला वेळ लागणे, मुळीच न भरणे आणि दुसऱ्या जागचे हाड आणून बसवावे लागणे, चौकट काढल्यावर नवे हाड मोडणे, आतला रॉड तुटणे, ही सगळी या शस्त्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकांत नोंदलेली प्रकरणे आहेत. अमेरिकेतील सर्जन ड्रॉर पेली यांनी १९९० मध्ये अशा अडचणींचे वर्गीकरण मांडले. शस्त्रक्रियेशिवाय सुटणाऱ्या, पुन्हा शस्त्रक्रिया लागणाऱ्या आणि उपचार संपल्यावरही मागे राहणाऱ्या, असे त्यांचे तीन गट आहेत. यातला तिसरा गट उंचीसाठी आलेल्या माणसाने सर्वांत लक्षपूर्वक समजून घ्यावा.

मांडीच्या हाडात सरळ रॉड घालून ते लांबवले तर आणखी एक सूक्ष्म बदल होतो. मांडीचे हाड खुब्याकडून गुडघ्याकडे तिरके उतरते. ते स्वतःच्या अक्षावर लांबले की पायावरून शरीराचा भार जाणारी रेषा दर सेंटिमीटरमागे सुमारे १ मिलिमीटरने गुडघ्याच्या बाहेरच्या भागाकडे सरकते. आधीच गुडघे आत झुकलेल्या माणसाला हे पुढे त्रासदायक ठरू शकते.

दुर्मीळ, पण जिवावर बेतणारे धोके वेगळे. हाडाची पोकळी कोरताना आतली चरबी रक्तात मिसळून फुप्फुसांत जाऊ शकते. दोन्ही मांड्यांत एकाच बैठकीत रॉड घातले तर ही शक्यता वाढते. पायाच्या खोल शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात अडकणे हा दुसरा. शस्त्रक्रियेनंतर पोटरीच्या बंदिस्त कप्प्यात दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटणे हा तिसरा, आणि त्यात काही तासांत निर्णय घ्यावा लागतो. म्हणूनच ही शस्त्रक्रिया अतिदक्षता विभाग नसलेल्या छोट्या दवाखान्यात होता कामा नये.

मराठवाड्यात या यादीत तंबाखूची भर घालावी लागते. निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि हाड भरण्याची क्रिया मंदावते. गुटखा किंवा मळलेला तंबाखू तोंडात ठेवणाऱ्याला धूर ओढत नाही म्हणून सूट मिळत नाही. ड जीवनसत्त्वाची कमतरता, आटोक्यात नसलेला मधुमेह हेही नवे हाड कच्चे ठेवतात.

छत्रपती संभाजीनगरमध्ये उंचीचा विषय केवळ देखणेपणाचा नाही. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात, विद्यापीठ परिसरात आणि शहराबाहेरच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी मुले-मुली बीड, जालना, परभणी, हिंगोलीच्या गावांतून भरतीच्या तयारीसाठी आलेली असतात. पोलिस शिपाई भरतीत पुरुषांना किमान १६५ आणि महिलांना १५५ सेंटिमीटर उंची लागते, सैन्याच्या सर्वसाधारण पदांसाठी महाराष्ट्रातील तरुणाला १६८ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाची सरासरी उंचीच सुमारे १६५ सेंटिमीटर आहे. त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटरने मागे पडणारे उमेदवार थोडे नसतात, आणि कोरडवाहू शेतीच्या घरातून आलेल्या मुलाला ते दोन सेंटिमीटर आयुष्य अडवून बसल्यासारखे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

पण नेमक्या याच कारणासाठी ही शस्त्रक्रिया सर्वांत निरुपयोगी आहे. पोलिस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि १०० मीटर, महिलांना ८०० मीटर आणि १०० मीटर धावावे लागते, शिवाय गोळाफेक असते. पन्नास गुणांपैकी पस्तीस गुण धावण्याचे. लांबवलेल्या पायाची ताकद आणि वेग मूळच्या पातळीवर परत येण्याची हमी कोणीही सर्जन देऊ शकत नाही. सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत हाडात बसवलेला रॉड, प्लेट किंवा स्क्रू अपात्रतेचे कारण ठरतो. ते काढले तरी व्रण आणि एक्स-रेवरील खुणा लपत नाहीत. भरतीचे वय मर्यादित, आणि त्यातली एक-दोन वर्षे अंथरुणावर आणि कुबड्यांवर जातात. घरची जमीन विकून किंवा कर्ज काढून मिळवलेले सेंटिमीटर मैदानावर गुण कमी करतात, हे भरतीच्या अकादमींनी मुलांना स्पष्ट सांगायला हवे. उंची वाढवणाऱ्या पावडरी आणि लोंबकळण्याचे व्यायाम यांचाही उपयोग नाही. मुलांमध्ये साधारण सोळा ते अठरा, मुलींमध्ये चौदा ते सोळा वर्षांच्या सुमारास हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या पट्ट्या बंद होतात, आणि त्यानंतर हाड आपणहून लांब होत नाही.

या शस्त्रक्रियेकडे वळणाऱ्यांपैकी काहींचा प्रश्न पायात नसून मनात असतो. उंची सरासरीइतकी असूनही आपण बुटके आहोत या विचाराने दिवसरात्र पछाडलेल्या माणसाला काही सेंटिमीटरने समाधान मिळेलच असे नाही, नवी खंत मात्र जडू शकते. जबाबदार सर्जन अशा वेळी आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. तो टप्पा गाळणाऱ्या डॉक्टरपासून दूर राहणे बरे.

२०१६ मध्ये हैदराबादेत एका तरुण संगणक अभियंत्याने घरी न सांगता दोन्ही पायांवर अशी शस्त्रक्रिया करून घेतली. आई-वडिलांना रुग्णालयात गेल्यावरच ते कळले. प्रकरण तेलंगणाच्या वैद्यकीय परिषदेपुढे गेले आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनची नोंदणी निलंबित झाली. प्रौढ माणसाला स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेण्याचा हक्क आहेच. पण या उपचारात रुग्णाला महिनोन् महिने दुसऱ्याच्या आधाराने उठावे-बसावे लागते, म्हणून कुटुंबाला अंधारात ठेवून तो नीट पार पडणे कठीण. चीनच्या आरोग्य मंत्रालयाने २००६ मध्ये केवळ उंचीसाठी होणाऱ्या अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली. भारतात तशी वेगळी बंदी नाही, पण रुग्णाचे संरक्षण आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले की उपचाराचे स्वरूप, पर्याय, धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे पुरेसे समजावून घेतलेली संमतीच खरी संमती. निरोगी पायांवर होणाऱ्या शस्त्रक्रियेत हा निकष अधिक कडक लावायला हवा. आरोग्य विमा सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च देत नाही, आणि गुंतागुंत झाल्यावर पुढे येणारी बिलेही बहुधा खिशातूनच भरावी लागतात.

इतके समजून घेऊनही ज्याला हा मार्ग घ्यायचा आहे त्याने सर्जनला थेट विचारावे: अशा किती रुग्णांचे हाड तुम्ही स्वतः लांबवले, त्यांतल्या किती जणांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली, किती जणांचे पाऊल किंवा गुडघा कायमचा अधू राहिला, कोणत्या लक्षणावर तुम्ही ताणणे थांबवाल, रात्री दोन वाजता पाय बधिर झाला तर कोण भेटेल. उत्तरे लेखी मागावीत. वाढ ५ सेंटिमीटरच्या आत ठेवावी, राहण्याची सोय रुग्णालयाजवळ करावी, तंबाखू आधीच पूर्ण सोडावा. आणि पैसे भरण्यापूर्वी ही शस्त्रक्रिया विकण्यात ज्याचा काही फायदा नाही अशा अस्थिरोगतज्ज्ञाचे दुसरे मत घ्यावे. संभाजीनगरात त्यासाठी घाटीच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढणे पुरेसे आहे.